आयोडीनचे पाच थेंब आणि एक पेरू

मागच्या मार्गशीर्षात वन्सं आमच्याकडे पंचवटीत आठ दिवस राहायला आल्या. आल्या आल्या पर्समधून फसफसणाऱ्या गोळ्यांची नळी काढून त्यांनी जेवणाच्या टेबलावर उभी केली. एकेका गोळीत 1000 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, आणि अशा दिवसाला तीन. कुणीतरी मोबाइलवर पाठवलं होतं म्हणे, की याने बिघडलेली जनुकं दुरुस्त होतात. चौथ्या रात्री त्यांचं पोट असं बिघडलं की जनुकं राहिली बाजूला, पहाटेपर्यंत बाथरूमचा दिवा चालू.

मी 33 वर्षं एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. बाई शिकवायच्या, मी सामान मांडायचे, धुवायचे, मोजायचे. कांद्याच्या मुळाच्या टोकाच्या स्लाइड किती केल्या असतील त्याला हिशोब नाही. आपल्याकडे कांद्याला काय तोटा! त्यामुळे गुणसूत्रं मी डोळ्यांनी बघितलेली बाई आहे, आणि 'जनुकं दुरुस्त करणारी गोळी' ऐकलं की माझ्या कपाळावर आठी येते. पण वन्संच्या निरोपात अगदीच काही नव्हतं असंही नाही. क जीवनसत्त्वाचा आणि जनुकांचा संबंध आहे. झालेला बिघाड ते निस्तरत नाही. बिघाड व्हायच्या आधी तो काही प्रमाणात अडवत असावं. हे वन्संना तोंडी पटेना, म्हणून ओट्यावर करून दाखवलं. तेच इथे सांगते, तुम्हीही करून बघा.

सामान घरातलंच. औषधाच्या दुकानातलं 5 टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन, जखमेला लावायचं ते तपकिरी. मलम नको, पातळ द्रावण हवं. लहान मुलांच्या औषधासोबत येतो तसा एक ड्रॉपर. चमचाभर भाताची पेज, गाळून गार केलेली. 500 मिलिग्रॅमची क जीवनसत्त्वाची एक गोळी, आणि काचेचे दोन-चार ग्लास. हे ग्लास प्यायच्या कामाचे नाहीत, हे घरातल्यांना आधी बजावा. आमच्याकडे आमचे 'हे' निळं सरबत समजून उचलायच्या बेतात होते.

पाव ग्लास पाण्यात चमचाभर पेज घाला आणि वरून आयोडीनचे मोजून 5 थेंब. पाणी शाईसारखं गडद होईल. तांदळाच्या पेजेने जरा जांभळट दिसतं, काही बिघडत नाही. दुसरीकडे गोळी कुटून एक लिटर पाण्यात विरघळवून घ्या. ड्रॉपर स्वच्छ धुऊन त्याच ड्रॉपरने हे पाणी निळ्या ग्लासात थेंबथेंब टाकत ढवळत राहा. पहिले वीसेक थेंब काही होतच नाही असं वाटतं. नीट बघितलंत तर थेंब पडतो तिथे क्षणभर पांढरं भोक पडतं आणि बुजतं. मग रंग पातळ व्हायला लागतो, आणि 35 व्या थेंबाच्या आगेमागे एकदाच ढवळलं की निळं गायब. ग्लासात नुसतं गढूळसर पाणी. बाटली जुनी असेल तर आयोडीन उतरलेलं असतं आणि आकडा कमी येतो. तुमचा जो येईल तो कागदावर लिहा, पुढची तुलना त्याच्याशी करायची आहे. आणि दर वेळी ग्लास नवा भरायचा, आयोडीन तेवढंच, 5 थेंब.

आता गोळीच्या पाण्याच्या जागी एकेक रस लावून बघा. माझ्या वहीतले आकडे असे: लिंबाचा ताजा रस, 43 थेंब. आवळा किसून फडक्यातून पिळलेला रस, 6 थेंब. पेरूचा 50 ग्रॅम गर मिक्सरमधून काढला, पाणी घालून 200 मिलिलिटर केला, गाळला, आणि तरी 37 थेंब. म्हणजे एवढा पाणी घातलेला पेरूसुद्धा निव्वळ लिंबाला भारी. आणि द्राक्षं? चांगली दिंडोरीकडची, गोड, करकरीत. थेंब मोजायचे सोडून चमच्याने घालायला लागले. चार चमचे रस गेला तरी ग्लास निळा तो निळाच. नाशिककर म्हणून जीव जरा दुखावला, पण द्राक्षात क जीवनसत्त्व नावापुरतंच असतं, 100 ग्रॅममध्ये 10 मिलिग्रॅमसुद्धा भरणं मुश्कील. द्राक्षं चवीसाठी खावीत.

एक सांगायला हवं. आवळ्यातले तुरट पदार्थही आयोडीनचा रंग थोडाफार घालवतात, त्यामुळे ते 6 थेंब सगळे क जीवनसत्त्वाच्या खात्यावर जमा करू नका. घरगुती मोजमाप आहे हे. तरी आवळ्याचा नंबर वरच राहतो. पुस्तकातल्या तक्त्यांमध्ये आवळ्याला 100 ग्रॅममागे 250 पासून 600 मिलिग्रॅमपर्यंतचे आकडे सापडतात.

ग्लासात झालं काय? आयोडीनला इलेक्ट्रॉनची हाव असते. क जीवनसत्त्व आपल्याकडचे दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, आयोडीनचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइडला पेजेबरोबर निळा रंग धरता येत नाही. एवढीच गोष्ट, आणि शरीरात याच स्वभावाचा उपयोग. आपण खाल्लेल्या अन्नाची ऊर्जा करताना, जंतूंशी लढताना, आणि सिगारेटच्या धुरामुळे तर फारच, पेशींमध्ये असे हावरे रेणू तयार होतात. फ्री रॅडिकल्स म्हणतात ते यांच्यातलेच. यांना इलेक्ट्रॉन कुठून तरी ओढायचाच असतो. जवळपास क जीवनसत्त्व असेल तर ते पुढे होऊन देतं. नसेल तर वाटेत डीएनए असतो, आपली जनुकं ज्याची बनलेली असतात तो.

डीएनएच्या चार अक्षरांपैकी जी, म्हणजे ग्वानिन, सगळ्यात लवकर लुबाडलं जातं. त्याचं होतं 8-ऑक्सोग्वानिन. दिसायला जवळजवळ तसंच, पण पेशी विभागताना नक्कल उतरवताना घोटाळा करणारं. आमच्या आजोबांच्या घरी हाताने उतरलेली एक पोथी होती. तिच्यात 'ध'च्या डोक्यावर शाईचा ओघळ जाऊन रेघ जोडली गेली होती, आणि पुढच्या नकलकाराने इमानेइतबारे 'धर'चं 'घर' लिहिलं. त्या नकलेवरून पुढे ज्यांनी ज्यांनी उतरवलं त्यांचंही 'घर'च. ग्वानिनसमोर सी बसायला हवं. बिघडलेल्या ग्वानिनसमोर ए बसतं, आणि आणखी एका नकलेनंतर जिथे जी होतं तिथे टी कायमचं. हेच उत्परिवर्तन, म्युटेशन. पेशीत असे डाग हुडकून काढणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात आणि बहुतेक डाग ती नकलेच्या आधीच काढून टाकतात. डाग जितके कमी पडतील तितकं त्यांचं काम सोपं. क जीवनसत्त्वाचा वाटा असला तर तो इथे.

'असला तर' म्हणते, कारण पुरावा दोन्ही बाजूंनी बोलतो. अमेरिकेत बर्कलेला ब्रूस एम्स यांच्या गटाने 1991 मध्ये एक अभ्यास छापला. हे तेच एम्स, ज्यांची जिवाणूंवरची उत्परिवर्तनाची चाचणी बाई दर वर्षी शिकवायच्या. काही पुरुषांच्या आहारातलं क जीवनसत्त्व रोजच्या 250 मिलिग्रॅमवरून 5 वर आणलं. वीर्यातलं क जीवनसत्त्व निम्म्यावर आलं आणि शुक्राणूंच्या डीएनएवरच्या त्या 8-ऑक्सो खुणा 91 टक्क्यांनी वाढल्या. पुन्हा पुरेसं द्यायला लागल्यावर 28 दिवसांत त्या 36 टक्क्यांनी उतरल्या. ही झाली एक बाजू. त्या अभ्यासात खुणा मोजल्या होत्या. त्या पुरुषांच्या मुलांत काही दोष उतरला का, हे त्यात बघितलेलं नव्हतं. दुसरी बाजू, 1998 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या संशोधकांनी धडधाकट माणसांना रोज 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिल्या. ग्वानिनवरचे डाग कमी झाले, पण अ‍ॅडेनिनवरचे, म्हणजे ए या अक्षरावरचे, वाढले. मोजायच्या पद्धतीवरून त्यावर बरंच भांडण झालं. तरी मला त्यातून एवढं कळलं की ज्याच्या अंगात तुटवडा आहे त्याचा फायदा दिसतो, आणि ज्याचं भांडं भरलेलं आहे त्याने आणखी ओतून काही हाती लागत नाही.

म्हणून आधी तुटवडा पडू द्यायचा नाही. त्याला किती लागतं? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम, बाईला 65. 100 ग्रॅमच्या एका पेरूत 200 च्या वर असतं. झालं की! बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे आमच्या गोदाकाठच्या, बाजारात थंडीत पेरूच्या पाट्या लागतात, तिथे मी आठवड्याचे घेते. अर्धे पिकट, अर्धे कच्चट, म्हणजे पुढच्या बुधवारपर्यंत पुरतात. साल काढू नका, सालीत आणि सालीलगतच जास्त असतं. आवळे कार्तिकापासून येतात. लहानपणी आवळीभोजनाला आम्ही मखमलाबादच्या मळ्यात जायचो तेव्हा कुणाला जीवनसत्त्वं ठाऊक नव्हती, पण झाडाखाली पडलेला आवळा मीठ लावून खाल्ल्याशिवाय पान वाढत नसत. सुरगाण्याकडे कुणी जाणारं असेल तर रस्त्याकडेची स्ट्रॉबेरी मागवा, तीही या बाबतीत चांगली. उन्हाळ्यात पेरू मिळेनासा झाला की पपई, ढोबळी मिरची, कोबीची पचडी. शेवग्याच्या शेंगा सगळे घेतात. पाला मागितला की भाजीवाली मावशी हसते आणि फुकट देते. तो पाला सोडू नका.

आणलं ते टिकवायचं कसं, यात मात्र बायका-पुरुष सगळेच चुकतात. मीही चुकत होते. कोबी चिरून, मग धुऊन, मग भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून द्यायचे. एकदा ते ओतायचं पाणी गार करून निळ्या ग्लासात घातलं. दोन चमच्यांत रंग गेला. म्हणजे जे खायचं ते मोरीत चाललं होतं. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, उष्णतेने जातं आणि हवा लागली की जातं. तेव्हा भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि चिरली की लगेच फोडणीला टाका. पाणी बेताचं, वर झाकण. उरलंच पाणी तर आमटीत किंवा कणकेत. पालेभाजी हिरवीगार दिसावी म्हणून चिमूटभर सोडा घालतात, तो बंद करा. आंबटात हे जीवनसत्त्व तग धरतं, सोड्यात धरत नाही.

तांब्याचं भांडं ही आणखी एक गोष्ट. तांब्यातलं पाणी प्यायची हल्ली लाट आहे, पाण्याला माझी हरकत नाही. पण आमचे 'हे' तांब्याच्या गडूत लिंबू पिळून रात्रभर ठेवायचे आणि सकाळी अनशापोटी प्यायचे. मी एकाच लिंबाचं पाणी दोन वाटे केलं, एक काचेत, एक गडूत. सकाळी काचेतल्या पाण्याने तीन चमच्यांत निळं घालवलं. गडूतलं आठ चमचे घातलं तरी ग्लास निळसरच राहिला, मग मी नाद सोडला. तांबं हे क जीवनसत्त्व हवेतल्या ऑक्सिजनशी फार पटकन जुळवून देतं. शिवाय आंबट पदार्थात तांबं उतरतं, ते पोटाला चांगलं नाही. लिंबू काचेत किंवा स्टीलमध्ये, आणि पिळल्या पिळल्या प्यायचं.

मिसळीचं काय, असं नाशिकला कुणी ना कुणी विचारणारच. कोरड्या मटकीत क जीवनसत्त्व जवळजवळ नसतं. मोड येताना ते बी स्वतः तयार करतं. पण मग आपण रश्श्यात तिला तासभर रटरटवतो. मी मूठभर मोडाची मटकी बाजूला काढून स्वच्छ धुते, फक्त एक वाफ देते आणि वाढताना वरून पसरते. लिंबू वाटीत, पानात, शेवटी. पातेल्यात कधीच नाही. मोरावळ्यात पाकामुळे काही जातं, काही आवळ्याच्या आंबटपणामुळे राहतं. तो मी औषध म्हणून करत नाही, आवडतो म्हणून करते.

मळ्यातल्या शेळ्यांना यातलं काही करावं लागत नाही. शेळी, गाय, कुत्रा, उंदीर, सगळे आपलं क जीवनसत्त्व साखरेपासून स्वतःच बनवतात. आपल्यातही ते बनवायचं जनुक आहे, पण त्यातलं शेवटच्या पायरीचं विकर तयार होत नाही. आपल्या माकडवंशातल्या पूर्वजांमध्ये काही कोटी वर्षांपूर्वी ते जनुक मोडलं, आणि फळंपाला खाऊन भागत असल्यामुळे कुणाचं अडलं नाही. मोडलं कशाने? उत्परिवर्तनाने! म्युटेशनपासून वाचवेल म्हणून ज्याची गोळी वन्सं घेतात, ते बाहेरून घ्यायची वेळ म्युटेशननेच आणली. प्रयोगशाळेत हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हातातलं चंचुपात्र खाली ठेवून हसले होते.

आता गोळ्यांविषयी. बेताच्या आहारातलं क जीवनसत्त्व आतडं 70 ते 90 टक्के घेतं. एका वेळी ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी. उरलेलं पोट ढिलं करतं, वन्संना विचारा. जे शोषलं जातं त्यातलंही जास्तीचं मूत्रपिंड बाहेर टाकतं, आणि काहीचं ऑक्झलेट होतं, ज्याचे मूतखडे बनतात ते. मूतखड्याचा त्रास असलेल्याने मोठ्या मात्रेपासून लांब राहावं. ज्याच्या शरीरात लोह साठतं, वारंवार रक्त द्यावं लागणारा थॅलेसेमियाचा रुग्ण, जी6पीडी या विकराची कमतरता असलेला, किंवा किमोथेरपी चालू असलेला, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी उघडूही नये. मोठ्या माणसाला दिवसाला 2000 मिलिग्रॅमची वरची मर्यादा सांगितली जाते. वन्संचे 3000 चालले होते. लायनस पॉलिंग यांच्यासारखा दोन नोबेल मिळवलेला माणूसही मोठ्या मात्रांच्या मागे लागला होता. पण मेयो क्लिनिकमध्ये कॅन्सरच्या रुग्णांना रोज 10 ग्रॅम तोंडाने देऊन बघितले, 1979 आणि 1985 मध्ये त्याचे निकाल आले, आणि उपयोग दिसला नाही.

हे सगळं मी खरं तर धाकट्यासाठी जमवत होते. तो अंबडला कंपनीत आहे, दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढतो, आणि घरात आता पाळण्याची बोलणी चालू आहेत. सूनबाईला डॉक्टरांनी फॉलिक अ‍ॅसिड दिलंय. ते तिने घ्यायचंच, पेरू खाल्ला म्हणून ते चुकवायचं नाही. पण बाळाचं निम्मं अक्षर बापाच्या हातचं असतं, हे आपल्याकडे कुणी बापाला सांगत नाही. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात. म्हणून तयारी करायची तर तीन महिने आधीपासून, आणि दोघांनी. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी भरतं, कारण ते तिकडेच खर्ची पडतं. अमेरिकेतल्या शिफारशीत अशा माणसाला रोज 35 मिलिग्रॅम जास्त सांगितलंय. हे ऐकून धाकटा म्हणाला, "मग आई, एक पेरू जास्त खातो, झालं."

झालं नाही. पोटात नायट्राइटपासून नायट्रोसमाइन नावाची कॅन्सर घडवणारी रसायनं बनताना क जीवनसत्त्व आडवं येतं, हे खरं. म्हणूनच नायट्राइट घालून टिकवलेल्या डब्यातल्या मांसात क जीवनसत्त्वही घालतात. पण तंबाखूत नायट्रोसमाइन आधीच तयार होऊन आलेली असतात. शरीरात त्यांचं रूप बदलतं आणि ती डीएनएला चिकटतात, तिथे इलेक्ट्रॉन देऊन भागत नाही. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या हजारो पुरुषांना बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या देऊन बघितल्या होत्या. तेही ऑक्सिडीकरण, म्हणजे इलेक्ट्रॉनची ही लूट, रोखणारंच. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. मी त्याला ते वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, पण पेरूची फोड उचलली. सिगारेटी सध्या तीनवर आहेत. मी मोजते, त्याला माहीत नाही.

सूनबाईने मग सगळे प्रयोग स्वतः करून बघितले, वन्संच्या उरलेल्यांतली एक गोळीही विरघळवली, आणि आयोडीनची बाटली ओट्यावर लवंडली. पांढऱ्या टाइल्सवर आणि तिच्या बोटांवर तपकिरी डाग. साबणाने हटेनात. तुमचंही सांडणार, म्हणून सांगते: पिळून झालेल्या लिंबाची फोड घ्यायची, डागावर ठेवून सावकाश घासायची आणि मिनिटभर थांबायचं. कपड्यावर पडला असेल तर अर्धी गोळी चुरून ओल्या डागावर टाकायची, पाचेक मिनिटांनी साध्या पाण्याने धुवायचं. वन्संच्या नळीत अजून अकरा गोळ्या आहेत. त्या मी याच कामाला ठेवल्यात.